बोल्ड इटॅलिक सेरिफमधलं टॉवेलचं नाव: बारीक रेघ कापडावर टिकवायची कशी?

टेरी_बॉर्डर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या नव्या ब्रँडचं नाव बसवायचं आहे. नाव इंग्रजी, आठ अक्षरी. मधे एफ आणि आय शेजारी शेजारी आहेत, शेवटी वाय. मालकांना बोल्ड इटॅलिक सेरिफ, म्हणजे ठळक, तिरपं, रेघांच्या टोकांना काटे असलेलं अक्षर हवंय: जाड रेघ भरलेली, बारीक रेघ केसासारखी, वळणं सैल सुटलेली. प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टचं ब्लॅक (सगळ्यात जाड) इटॅलिक लावून दाखवलं, ते पसंत पडलंय.

हेच नाव चार जागी जाणार आहे. टॉवेलच्या कडेला शिवायचं विणलेलं लेबल, रुंदी ३५ मिमी. टॉवेलच्या कोपऱ्यावर भरतकाम, ७० मिमी. खाकी कोरुगेटेड खोका, एकाच रंगात. आणि नवी पेठेतल्या दुकानाचा १२ बाय ३ फुटी बोर्ड, रात्री उजळणारा.

विचारायचं ते असं. बारीक रेघा कुठे जातील आणि कुठे राहतील, हे आधी कसं ओळखायचं? लहान आकारासाठी दुसरा फॉन्ट घ्यावा की हाच दुरुस्त करावा? आणि मराठी नावही असंच तिरपं करून मागतायत. कोरलड्रॉमध्ये स्क्यू देऊन, म्हणजे उभा आकार नुसता कलवून, केलं तर काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

खिळा_ते_कर्व्ह

फॉन्ट बदलायच्या आधी एक मोजणी करा. नावाची एक प्रत कर्व्हमध्ये (फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत) बदला, कॅपिटल अक्षराची उंची बरोबर १०० मिमी करा आणि सगळ्यात बारीक रेघ मोजा. जितके मिमी येतील तेच तुमचं शेकड्यातलं प्रमाण. समजा २.५ मिमी आली, तर रेघ उंचीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. आता हिशेब लावा.

लेबलवर शिलाईची जागा सोडून नावाला ३० मिमी मिळतील. आठ अक्षरांत कॅपिटलची उंची येईल ५ मिमीच्या आसपास, आणि बारीक रेघ ०.१२ मिमी. भरतकामात उंची साधारण १२ मिमी, रेघ ०.३ मिमी. भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा धागाच ०.४ मिमीच्या घरात असतो, म्हणजे रेघ धाग्याहून बारीक झाली. बोर्डावर उंची ३०० मिमी धरली तर तीच रेघ ७.५ मिमी, तिथे ती छान दिसेल. त्यामुळे एकच फाइल चारही जागी पाठवायची नाही. एका नावाच्या निदान तीन आवृत्त्या करा: बोर्ड, खोका आणि कापड.

या अक्षराचा स्वभावच तसा आहे. इटॅलिक जन्मलं ते हाताच्या लिखाणावरून. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने ते पुस्तकात आणलं, छपाईचे खिळे कापले फ्रान्चेस्को ग्रिफोने. तेव्हा ते हलकं, वाचायचं अक्षर होतं. त्याला एवढं वजन चढलं ते तीनशे वर्षांनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या टाइप फाउंड्र्यांनी (खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी) बोदोनी आणि दिदो या अक्षरकारांच्या वळणाची अक्षरं जाहिरातींसाठी फुगवली. जाड रेघ अवाढव्य केली आणि बारीक तशीच ठेवली. हे अक्षर मोठ्या आकारात, दोन-तीन शब्दांसाठी घडलेलं आहे. परिच्छेद लावलात तर कागदावर नुसते काळे ठिपके दिसतात. लहान केलंत तर बारीक रेघा गळतात आणि उरतात सुटे सुटे खांब.

लहान आकारासाठी परका फॉन्ट शोधू नका, ऑप्टिकल साइझचा अक्ष असलेला फॉन्ट घ्या. त्यात आकार लहान सांगितला की बारीक रेघ आपोआप जाड होते, अक्षरांची पोटं (आतल्या मोकळ्या जागा) उघडतात, दोन अक्षरांतली जागा वाढते, आणि सांगाडा मात्र तोच राहतो. प्लेफेअर डिस्प्लेला हा अक्ष नाही. 'प्लेफेअर' एवढ्याच नावाने आलेल्या नव्या आवृत्तीला आहे, म्हणजे मालकांना आवडलेलं रूप सोडावं लागणार नाही. बोदोनी मोडा या फॉन्टमध्ये तो ६ ते ९६ पॉइंट आहे, फ्रॉन्सेसमध्ये ९ ते १४४. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ब्रँडसाठी वापरायला पैसे द्यावे लागत नाहीत. तुमच्या कोरलमध्ये व्हेरिएबल फॉन्टचे (असे अक्ष असलेल्या फॉन्टचे) स्लायडर दिसत नसतील, तर इंकस्केपमध्ये नाव बसवून कर्व्ह करून आणा.

वजनाचंही बघा. बोर्डाला ब्लॅक चालेल, लेबलला बोल्डवर या. ब्लॅकमध्ये स्मॉल ई आणि ए यांची पोटं आधीच चिमटलेली असतात, धाग्यात ती बुजणारच.

एफ-आय: इटॅलिक एफचं डोकं पुढे झुकतं आणि आयच्या टिंबावर आदळतं. शिशाच्या खिळ्यांत हा बाहेर आलेला भाग शेजारच्या खिळ्यावर टेकायचा आणि तुटायचा, म्हणून दोन्ही अक्षरांचा एक जोडखिळा पाडत. फॉन्टमध्ये तो लिगेचर म्हणून असतो, चालू करा. नसेल तर टिंब किंचित उजवीकडे सरकवा. एफचं डोकं छाटू नका, नावातलं सगळ्यात देखणं वळण तेच आहे.

आणि सगळं नाव कॅपिटलमध्ये मागितलं तर ठाम नकार द्या. इटॅलिकची खरी ओळख स्मॉल अक्षरांत असते: ए एकमजली होतो, एफला खाली शेपूट येतं, एन आणि यू यांना सेरिफऐवजी आत-बाहेर जाणारी वळणं येतात. कॅपिटल ही बहुतेक नुसती कललेलीच असतात. सगळी ओळीने लावली की सेरिफचे काटे एकमेकांत घुसतात.

सॅटिन_टाका

वरच्या मोजणीला पुरवणी, फक्त कापडापुरती.

भरतकामात सॅटिन टाक्याची (रेघेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या टाक्याची) रुंदी १ मिमीच्या खाली नेऊ नका, टेरीवर, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडावर, १.२ धरा. त्याहून बारीक रेघेत सुई त्याच त्याच जागी पडते, धागा तुटतो आणि कापडाला भोकं पडतात. बारीक रेघ रनिंग टाक्याने काढायची झाली तर तिहेरी फिरवा. पण टेरीचे लूप तिला गिळतात, म्हणून टॉवेलवर तो मार्ग सोडाच.

क्रम असा ठेवा. आधी टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने नावापेक्षा ३-४ मिमी मोठी विरळ जाळी टाकून लूप दाबायचे. त्यावर पाण्यात विरघळणारी फिल्म, मागे बॅकिंग. मग अंडरले (खालचे आधाराचे टाके), मग सॅटिन. पुल कॉम्पेन्सेशन (ओढीची भरपाई म्हणून जादा रुंदी) ०.३ ते ०.४ मिमी द्या, कारण टाका कापड ओढून घेतो आणि खांब ठरवल्यापेक्षा बारीक पडतो. हीच भरपाई ई-च्या पोटालाही दोन्ही बाजूंनी खाते, तेव्हा पोटाची मोकळी जागा फाइलमध्ये १.५ मिमीपेक्षा कमी दिसली तर ती हाताने वाढवा. ७ मिमीपेक्षा रुंद सॅटिन टॉवेलवर नको. लांब टाके धुलाईत अडकून ओढले जातात.

टाक्यांची दिशा रेघेला काटकोनात हवी. ऑटो डिजिटायझिंग (सॉफ्टवेअरने आपोआप टाके ठरवणं) तिरप्या खांबाला बऱ्याचदा सरळ आडवे टाके देतं आणि कडेला दाते दिसतात. आठच अक्षरं आहेत, हाताने पंच करून घ्या.

जकार्ड_ग्राफ

विणलेल्या लेबलचं गणित वेगळं आहे. टॉवेलच्या बॉर्डरमध्ये नाव विणायचं ठरलं तर तिथेही हेच लागेल, आणि चादरीच्या काठालाही.

विणकामात रेघ धाग्यांच्या चौकटीतूनच जाते. तिरपी रेघ म्हणजे जिना. पायऱ्या सारख्या असतील तर डोळा तिला सरळ तिरपी रेघ समजतो. पायऱ्या कमी-जास्त झाल्या की कड खाल्लेली दिसते. म्हणून कोन फॉन्टने दिलाय तसा न घेता धाग्यांवरून ठरवायचा.

उदाहरण: सेंटीमीटरला उभे धागे २४ आणि आडवे १८ आहेत. कोन १४ अंश घेतला तर १ सेंमी उंचीला रेघ पाव सेंमी सरकते, म्हणजे ६ उभे धागे. १८ आडव्यांना ६ उभे, म्हणजे दर ३ आडव्यांना १ उभा. जिना एकसारखा. तेच १२ अंश घेतले तर १८ आडव्यांना ५.१ उभे येतात. मग पायऱ्या कधी ३ च्या, कधी ४ च्या, आणि खांब थरथरल्यासारखा दिसतो. उभे-आडवे समान असतील तर १४ अंशाला दर ४ ला १ आणि सुमारे ११.३ अंशाला दर ५ ला १, हे दोन कोन स्वच्छ बसतात.

लेबलवाल्याकडून आधी घनता विचारून घ्या, मग नाव त्या कोनात आणून ग्राफ काढा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर नाव स्क्यू करून चालतं, रूप फारसं बिघडत नाही. बारीक रेघ किमान २ धाग्यांची ठेवा. एका धाग्याची रेघ पुढून दिसते, पण कडेचा एक टाका सरकला की तुटते.

बोरू_शाई

मराठी नावात काय खटकतंय ते सांगतो. ते मोजताही येतं.

कोणताही आकार उजवीकडे स्क्यू केला की सगळ्या रेघा सारख्या बदलत नाहीत. डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी रेघ लांबते आणि बारीक होते. डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी आखडते आणि जाड होते. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, म्हणून हे होणारच.

आता दोन लिप्यांच्या लेखण्या बघा. रोमन अक्षराच्या चपट्या टाकात वरून उजवीकडे खाली येणारी रेघ जाड पडते. देवनागरीच्या बोरूचं टोक उलट तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे खालून उजवीकडे वर जाणारी रेघ जाड पडते. 'व' किंवा 'ब' चं पोट पाहा: भरलेला भाग वर डावीकडे आणि खाली उजवीकडे असतो. म्हणजे स्क्यू दिलं की रोमन अक्षरातलं जाड आणखी जाड होतं, बारीक आणखी बारीक. देवनागरीत नेमकं उलटं घडतं. जाड भाग रोडावतात, बारीक भाग सुजतात, अक्षराचा मूळ तोल सपाट होतो. तुम्हाला खटकतंय ते हेच.

दुसरं, शिरोरेषा आडवीच राहते. रोमन इटॅलिकला वेग येतो तो ओळीत कुठेही सलग आडवी रेघ नसल्यामुळे. आपल्याकडे अख्खा शब्द एका दांडीला टांगलेला असतो. खाली अक्षरं झुकतात, वरची दांडी जागची हलत नाही. तिसरं, वरच्या आणि खालच्या मात्रा. १२ अंशाला दर १०० मिमी उंचीमागे २१ मिमी सरक येते. वेलांटी आणि रफार पुढच्या अक्षरावर गेल्यासारखे वाटतात, उकार मागे राहतो. अनुस्वाराचा ठिपका अंडाकृती होतो.

म्हणून मराठी उभंच ठेवा, आणि नातं कोनाने न जोडता जाड-बारीक रेघांच्या फरकाने जोडा. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन यासाठी चांगला आहे. देवनागरीत एवढा जाड-बारीक फरक असलेले मोफत फॉन्ट थोडेच आहेत. त्याचं एकच वजन मिळतं, तेव्हा जुळवायचं ते आकाराने. काना रोमन खांबाच्या ८० ते ८५ टक्के जाडीचा आला की दोन्ही डोळ्याला सारखे वाटतात, कारण देवनागरीत एका अक्षरात रेघा जास्त असतात. बारीक रेघांचा प्रश्न मात्र तिथेही तोच आहे, कापडावर तो तसाच नेऊ नका.

मालक तिरपंच मागत असतील तर ७ अंशाच्या पुढे जाऊ नका. कर्व्ह करा, स्क्यू द्या, मग पोटांचे रोडावलेले भाग नोडने बाहेर ओढा आणि सुजलेले आत घ्या. ठिपके न झुकवलेल्या प्रतीतून परत बसवा. शिरोरेषेची दोन्ही टोकं त्याच कोनात कापा. त्याहून उत्तम म्हणजे अक्षरकाराकडून चपट्या ब्रशने नाव लिहून घ्या. हाताने लिहिताना जाड भाग जिथे हवा तिथेच पडतो.

नाव टाइप करतानाची दक्षता: ल आणि श मराठी वळणाचे येताहेत ना बघा. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि भाषा मराठी निवडली तरच आपलं रूप येतं. नावात 'ऱ्या' असेल तर तोही तपासा. जुन्या कोरलमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात, इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू करावा लागतो.

सॅटिन_टाका

@खिळा_ते_कर्व्ह, ऑप्टिकल साइझ सगळ्यात खाली आणूनही १२ मिमीच्या नावात रेघ १.२ मिमी होणार नाही. मग?

खिळा_ते_कर्व्ह

बरोबर, तिथे कंटूर लागेल. बाहेरच्या बाजूला सगळीकडे सारखी जाडी वाढवायची. समजा लहान साइझच्या आवृत्तीत बारीक रेघ ०.५ मिमी आहे आणि खांब ३ मिमी. चारी बाजूंनी ०.३५ मिमी कंटूर दिला तर बारीक रेघ १.२ होते, म्हणजे दुपटीहून जास्त. खांब ३.७, तेवीस टक्क्यांनीच वाढला. बारीक वाचते आणि जाडाचं रूप फारसं हलत नाही. किंमत अशी की पोटं आणि फटी प्रत्येकी ०.७ मिमीने लहान होतात. म्हणून कंटूर द्यायच्या आधी अक्षरांमधलं अंतर तेवढं वाढवा, आणि बोल्डऐवजी एक पायरी हलकं वजन घेऊन सुरुवात करा. कोपरे गोल ठेवा, टोकदार सेरिफ सुईला नाहीतरी येत नाहीत. शेवटी वेल्ड करा (एकमेकांवर आलेले आकार एक करा), नाहीतर पंचिंगमध्ये एकावर एक टाके पडतात.

बोरू_शाई

माझं मत थोडं वेगळं आहे. जाड आणि बारीक यांत तिपटीचाच फरक उरला तर ते अक्षर दिदो वळणाचं राहिलं कुठे? त्यापेक्षा कोपऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर घ्या, ४० मिमी उंच. चाळिसाव्या हिश्शाने रेघ १ मिमी येते, ०.१ कंटूरमध्ये १.२ होते आणि जाड-बारीक शिल्लक राहतं. खांब ७ मिमीच्या वर गेला तर तेवढा भाग तातामी भरणीने (आखूड टाक्यांच्या ओळींनी) करा. पूर्ण नाव लेबलवर आहेच.

ग्लो_साइन

बोर्डाबद्दल कुणी बोललं नाही. आधी नियम. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी कॅपिटल ३०० मिमी असेल तर मराठीची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत, मात्रा न धरता, ३०० किंवा जास्त ठेवा. म्हणजे वाद उरत नाही. पण ३ फुटांत, म्हणजे ९१४ मिमीत, दोन ओळी ३०० च्या आणि वर वेलांटी, खाली उकार, वायचं शेपूट हे सगळं दाटतं. दोन्ही २४० वर आणा, किंवा नावं शेजारी शेजारी घ्या, मराठी डावीकडे.

एकाखाली एक घेतलंत तर डावी कड जुळवताना इंग्रजीच्या पहिल्या अक्षराचा पाय मराठीच्या कडेला लावू नका. झुकलेल्या खांबाच्या मध्यावर कड धरा, नाहीतर इंग्रजी ओळ उजवीकडे सरकल्यासारखी दिसते.

आता उजेड. २४० उंचीला बारीक रेघ ६ मिमी. सुट्या थ्रीडी ॲक्रिलिक अक्षरात एलईडी मॉड्यूल बसायला साधारण २५ मिमी रुंदी लागते, म्हणजे खांब उजळतील आणि बारीक रेघा काळ्या राहतील. रात्री नाव तुटक वाचलं जाईल. दोन मार्ग आहेत. एक, साधा ग्लो साइन: मागून उजळलेली पांढरी ॲक्रिलिक शीट, त्यावर गडद रंगाचं नाव. ६ मिमीची रेघ त्यात नीट दिसते, फक्त मागचा उजेड कडा खातो म्हणून ती ८-९ मिमी करा. दोन, अपारदर्शक अक्षरं भिंतीपासून ३०-४० मिमी पुढे उभी करून मागे पट्टी लावा, म्हणजे उजेड भिंतीवर पडतो आणि अक्षराची काळी आकृती पूर्ण दिसते. या दुसऱ्या पद्धतीत अक्षरं ५ मिमी ॲक्रिलिकची असतील तर बारीक रेघही निदान ८ मिमी ठेवा, नाहीतर बसवताना त्याच जागी तडकते.

काचेवर रेडियम कटिंगमध्ये हेच नाव लावणार असाल तर १.५ मिमीखालची रेघ फालतू भाग सोलताना सोबत उचलली जाते.

टेरी_बॉर्डर

सर्वांचे आभार. लेबल १४ अंशाच्या ग्राफवर, कोपऱ्यावर एकच अक्षर, मराठी उभं, बोर्ड मागून उजळलेला असं मांडतो. आता फक्त खोका राहिला. त्यावर नावाखाली साइझ आणि नगाचे आकडे आहेत, ७५ गुणिले १५० असे. तेही याच अक्षरात घ्यावेत का?

खिळा_ते_कर्व्ह

नको. प्लेफेअर डिस्प्लेचे आकडे मुळात जुन्या वळणाचे आहेत. ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली उतरतात, ०, १, २ बुटके राहतात. नावाशेजारी वर्ष लिहायला ते सुंदर, पण गोदामात दुरून माप वाचायला वाईट. त्याच अक्षरात हवेच असतील तर लायनिंग आकडे चालू करा, मग सगळे एका उंचीचे होतात. पण मापं साध्या उभ्या सॅन्स बोल्डमध्ये घ्या.

खोक्यावर रबर प्लेटने छपाई होते. खोक्याच्या आतल्या नागमोडी कागदाच्या पन्हाळीमुळे उंचवट्यावर शाई जास्त दाबली जाते आणि खळग्यात कमी, म्हणून बारीक रेघ १ मिमीच्या खाली नको. खाकीत उलटं सोडलेलं नाव असेल, म्हणजे भोवती रंग आणि अक्षर कागदाचं, तर १.५ मिमी धरा, कारण शाई पसरते ती अक्षराच्या आत. खोक्यावर नाव २५० मिमी रुंद घेतलं तर कॅपिटल साधारण ४२ मिमी, चाळिसाव्या हिश्शाने रेघ १.०५ मिमी. म्हणजे सुलट छपाईत रेघ न वाढवलेली मूळ फाइल चालते, उलट सोडायचं असेल तर ०.२५ कंटूर द्या. आणि पन्हाळी कोणत्या दिशेने जाते ते खोकेवाल्याला विचारा. त्या दिशेला समांतर गेलेली बारीक रेघ अख्खीच्या अख्खी खळग्यात पडू शकते. प्लेट बनवायच्या आधी नाव १०-१२ मिमी वर-खाली करायची सोय ठेवून घ्या.